तिसऱ्या खाचेच्या वर

३ जून, दुपारी

कारले,

पहिली गोष्ट म्हणजे मी तुला माफ केलं आहे.

हे वाक्य सांगितल्यावर तुझ्या आईने माझ्याकडे कसं पाहिलं ते तुला वेगळं सांगायला नको. लहानपणी दूध सांडलंस की तूही ते पाहणं झेललं आहेस. पण लिहिलं तिने. आमचं ठरलं आहे : बोलायचं मी, लिहायचं तिने. चुका निघाल्या तर तिच्या, गोडवा निघाला तर माझा.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू बापाशी बोलतेस, आईशी बोलतेस, शेळीचीसुद्धा चौकशी करतेस, आणि आजीने फोन कानाला लावला की तुझी रेंज जाते. अकरा महिने जाते आहे. पत्राला रेंज लागत नाही.

झालं ते झालं. पूर काही तू आणला नव्हतास. एकशे वीस मडकी बी होतं, ते मांडणीवर लावायचं काम तुझं होतं, आणि घाईत तू ते खाचेखाली लावलंस. पाणी आलं, मांडणी कोसळली, घरभर भोपळे, काकड्या, मुळे उगवून आले. चुलीतसुद्धा पालक होता. विसाव्या वर्षी माणूस चुकतं. शाळेत सगळं गाव आसऱ्याला जमलेलं असताना मी तुला बोलले ते जरा मोठ्याने बोलले, एवढं मान्य. पण त्यावर कुणी घर सोडून शहरात बिस्किटांचे डबे भरायला जातं का?

दाराच्या खांबावरच्या त्या तीन खाचा आहेत ना, तीच माझी अक्षरं. मी या घरात आले त्या वर्षीचं पाणी ती पहिली, गुडघ्याएवढी. तुझा बाप जन्मला त्या वर्षीची दुसरी. आणि मोठ्या पुराची तिसरी, जी आता माझ्या छातीला लागते. तिसऱ्या खाचेच्या वर ठेवलं की निर्धास्त, हे या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

घरचं असं. तुझा बाप वीटभट्टीवर जातो, संध्याकाळी येताना दारात डोकं आपटतो आणि दाराला शिव्या देतो. तुझी आई पोती शिवते. गाय विकली हे तुला कुणी सांगितलं नसेल. आता कळलं. पूर्वी या दिवसांत अंगणात अकरा गावच्या बाया पिशव्या घेऊन बसायच्या, मागच्या वेळचा दुधी कडू निघाला म्हणून माझ्याशी भांडायच्या आणि भांडून झालं की दुप्पट बी न्यायच्या. आता दुकानातून पाकिटं आणतात. पाकिटावर भोपळ्याचं चित्र असं की प्रत्यक्षातला भोपळा लाजेल. उगवतो, नाही असं नाही. पण त्याचं बी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी नुसता वेल.

तरी त्याच बाया हिवाळ्यात आल्या होत्या. आपण दिलेल्या बियांतून त्यांनी घरी जे राखलं होतं ते मूठ मूठ परत घेऊन आल्या. ते पेरलं, वाढवलं, बी धरलं. यंदा चाळीस मडकी भरली. एकशे वीसची चाळीस, पण भरली. आता गावाने असं ठरवलं आहे की आपल्या शेजारची रिकामी खोली साफ करायची आणि सगळ्या गावाचं पुढल्या पेरणीचं बियाणं एकत्र तिथे ठेवायचं. आपली चाळीस मडकी आणि बाकीच्यांची धान्याची पोती. फळ्या कुठल्या उंचीवर ठोकायच्या, हे माझ्या खाचेवरून ठरणार.

एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी तू मडकी नक्की किती उंच ठेवली होतीस? सहज विचारते.

अंगठा माझा आहे, शाई सांडली ती तुझ्या आईने.

११ जून, सकाळी

कारले,

उत्तर नाही. कारल्याचा वेल लावला आणि कारलं धरलं नाही, असं आपल्या वाफ्यात कधी झालं नव्हतं.

मी बरी आहे. झोप कमी झाली आहे, पण झोपून तरी काय पिकवायचं आहे मला? सकाळी चार वेळा नदीवर जाऊन आले. तुझा बाप म्हणतो, आई, नदी काय पळून जाते आहे का? मी म्हटलं, पळून जात नाही, येते, हीच तर पंचाईत आहे. पाणी अजून पात्रात आहे, पण रंग बदलला आहे. दुधात गूळ पडल्यासारखा.

खुराड्याच्या दाराला आपण जो लाकडाचा ठोकळा टेकवतो ना, तो मी उचलून घरात आणला. माझ्या खाटेखाली ठेवला आहे. कोंबड्या मोकळ्या सुटल्या आणि तुझ्या आईने शिवलेल्या पोत्यांवर बसल्या. ती विचारत होती, आई, ठोकळा कशाला घरात? मी म्हटलं, वाळवी लागेल म्हणून. सोळा वर्षं बाहेर होता तेव्हा लागली नाही, ती म्हणाली. तुझी आई कधी कधी फार हिशोबी बोलते. हे पण लिहिलं तिने, बघ.

खुंटीवर तुझी दोरी नाही. पेरणीची. मला वाटलं होतं उंदरांनी नेली, पण आई म्हणते तू जातानाच घेऊन गेलीस. शहरात दोरीचं काय करतेस? डबे वितीवितीवर मांडतेस? तू सात वर्षांची असताना ती मी तुला करून दिली. मुळ्याला चार बोटांवर गाठ, कांद्याला वितीवर, भोपळ्याला दोन हातांवर. या घरातल्या प्रत्येक बाईची दोरी वेगळी, कारण प्रत्येकीची वीत वेगळी. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा आकडे घालून मोजायची, दोन वर्षं तिचे कांदे एकमेकांच्या मांडीवर बसायचे. आता तिचीही दोरी आहे. माझी इतकी जुनी आहे की तिच्यात दोरी कमी आणि गाठी जास्त.

सुतार गेला, त्याच्या पोराने आता बापाचं काम हाती घेतलं आहे. त्याला सगळे पाचर म्हणतात, कारण कुणीही बोलत असलं की तो मधे शिरतो. तो म्हणत होता, आजी, फळ्या पार पत्र्याला लावून ठोकू, म्हणजे कटकट नको. मी त्याला सांगितलं, बाळा, पत्र्याखाली बी भाजून मरतं. थंडही हवं, कोरडंही हवं. म्हणून तर जेमतेम पाण्याच्या वर ठेवायचं. वर चार बोटं, बस. मी असं वर्षानुवर्षं सांगत आले. तुलाही तेच सांगितलं होतं.

तू चार बोटं सोडली होतीस का गं? मागच्या पत्रातही विचारलं होतं. सहजच.

१९ जून, संध्याकाळी

कारले,

तुझे पैसे आले, आईच्या नावाने. सोबत चार ओळी आल्या, त्यात शेळी आहे, बापाचा गुडघा आहे, मी नाही. बरं. पैशांच्या फळ्या आणल्या. म्हणजे खोलीत तुझंही लाकूड लागणार आहे, एवढं ठेव लक्षात.

आज पाचर माप घ्यायला आला. सोबत गिरणीवाला, मडकीवाली, शाळेतले मास्तर आणि ज्यांना काही काम नव्हतं ते सगळे. आपल्या दारात एवढी माणसं तुझ्या आजोबांना न्यायला आली होती तेव्हापासून जमली नव्हती. मी खाटेखालचा ठोकळा ओढून बाहेर आणला आणि त्यावर बसले. तुझा बाप म्हणाला, आई, खुर्ची देतो. मी म्हटलं, मला हेच बरं.

पाचरने काठी घेतली. एक टोक उंबऱ्याच्या दगडावर टेकवलं, खाचेपाशी खूण केली, वर चार बोटं धरली आणि तिथे करवतीने काठी कापली. म्हणाला, ही काठी म्हणजे आजीचा शब्द. मग ती काठी शेजारच्या खोलीत उभी करून भिंतींवर कोळशाने रेघा मारल्या. एका रेघेत सगळं गाव. आपली चाळीस मडकी, गिरणीवाल्याचं भात, मडकीवालीची डाळ. सगळ्यांची पुढल्या वर्षीची भाकरी म्हण.

"आजी, बरोबर ना?" त्याने विचारलं.

"चहा गार होतोय," मी म्हटलं.

चहा पिताना गिरणीवाला म्हणाला, "यंदा काळजी नाही. मडकी लावायला कारली नाही आहे इथे." सगळे हसले. तुझा बाप हसला नाही, तो उठून शेळीला पाणी दाखवायला गेला. शेळी नुकतीच पाणी प्यायली होती. तुझी आई कपबश्या गोळा करू लागली, अर्धवट भरलेल्यासुद्धा.

मी हसले. हे लिही गं, असंच लिही. मी हसले.

नदी काठाला लागली आहे. मला बसवत नाही, उभं राहवत नाही. दारापाशी जाते, खांबाला हात लावते, परत येते. तुझी आई म्हणते, काय हरवलं आहे तुमचं? काही नाही. उद्या बोलू.

२० जून, सकाळी

कारले,

आज आईला सांगितलं आहे की मी जे बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं. ती म्हणाली, आजवर काय केलं मग?

तू पाच वर्षांची होतीस, त्या वर्षी तुझे आजोबा गेले. तुझा बाप कालव्याच्या कामावर होता, चार महिने घरी नव्हता. तुला घेऊन तुझी आई तिच्या आजारी वडिलांकडे गेली होती. घरात मी एकटी, आणि दाराच्या खांबाचा बुडखा कुजला होता. मी पाचरच्या बापाला बोलावलं. तो म्हणाला, नवा खांब घाला. मी म्हटलं, खाचा आहेत त्याच्यावर, नवा खांब काय सांगणार मला? कुजलेलं तेवढं काप. त्याने कापलं. एक वीत आणि चार बोटं. तेवढं छप्पर पुढून खाली उतरवलं आणि खांब परत उभा केला. म्हणजे खांब खाली आला आणि त्याच्याबरोबर तिन्ही खाचा खाली आल्या. तिसरी खाच त्याआधी माझ्या हनुवटीला लागायची, आता छातीला लागते. वयाने माणूस खाली येतं; माझ्यासमोर खाच खाली आली आणि एकालाही शंका आली नाही. तुझा बाप सोळा वर्षं दारात कपाळ आपटतो आहे, त्यालाही आली नाही.

कापलेला तुकडा वाया कशाला घालवायचा म्हणून मी खुराड्याला लावला. तोच तो ठोकळा.

म्हणजे गेल्या वर्षी तू मडकी खाचेच्या वरच ठेवली होतीस. तू शाळेत एकदाच म्हणालीस, आजी, मी वर ठेवली होती. खरं होतं ते. खाचच खोटी होती. आणि मी हे साफ विसरून गेले होते.

इथे तुझ्या आईची लेखणी थांबली आहे.

ती उठली. आत गेली. हंडा घासायचा आवाज आला, घासलेलाच होता तो. परत आली. माझ्यासमोर उभी राहिली, बसली नाही.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"पाणी चढलं तेव्हा सगळ्यांत शेवटी तुम्ही निघालात. ह्यांनी खांद्यावर घेतलं तुम्हाला. तेव्हा खाच दिसत होती?"

बघ, माझ्या घरात कोण राहतं ते मला पंचवीस वर्षं कळलं नव्हतं.

खोड गं ते. विसरले होते, ते खोड. विसरले नव्हते. मी तुझ्या बापाच्या खांद्यावर होते, त्याची पाठ दाराकडे, आणि पाणी खाचेला लागलं. मी बघत होते, म्हटलं आता थांबेल. थांबलं नाही. खाच बुडाली. त्याच क्षणी मला करवतीचा आवाज आठवला, भुसा आठवला, पाचरच्या बापाने मागितलेला दुसरा चहासुद्धा आठवला. मला सगळं कळलं होतं, कारले. पूर ओसरल्यावर भिंतींचं लिंपण गळून पडलेलं होतं, पाण्याची रेघ कुठे उरली नव्हती. बुडालेली खाच पाहिलेली या गावात मी एकटीच.

आणि शाळेत गिरणीवाल्याने विचारलं, आजी, पाणी खाचेवर गेलं काय? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पन्नास वर्षं हे गाव माझ्या खाचेवर उठलं आणि बसलं. मास्तरांना पुस्तकं आहेत, तुला फोन आहे, मला तीन खाचा. त्या पुसल्या तर म्हातारीपाशी राहतं काय? तोंड उघडलं, मला वाटलं "हो" बाहेर येईल, आणि तुझं नाव बाहेर आलं.

"पुढे?" तुझी आई म्हणाली. बसली आहे आता. लेखणी परत हातात घेतली आहे.

पुढे काही नाही. खोडलंस का?

(खोडलेलं नाही. दोन्ही राहू दे. — आई)

२२ जून, दुपारी

कारले,

तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ, पाणी, औषध, आणि "सांगा पुढे". मला तक्रार नाही. मला तिने घराबाहेर काढलं असतं तरी मी खुराड्यात राहिले असते, जागा रिकामीच आहे.

काल सगळ्यांना परत बोलावलं. बोलवायला गेले तुझ्या बापासोबत घरोघरी. त्याला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. तो दारापाशी गेला, वरच्या आडव्या लाकडाला हात लावला, मग कपाळाला लावला. म्हणाला, "माझं डोकं तरी परत मिळालं." एवढंच.

सगळे जमल्यावर मी ठोकळा काखेत मारून आणला. धापा टाकत. खांबाच्या शेजारी उभा केला आणि म्हटलं, हा याचा पाय. सोळा वर्षांपूर्वी मी कापला. ही खाच खोटी आहे. मागच्या वर्षी पाणी हिच्यावर गेलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि माझ्या नातीवर ढकललं.

पाचर आयुष्यात पहिल्यांदा मधे बोलला नाही. त्याने ठोकळा उचलला, कापलेली बाजू बघितली, म्हणाला, "माझ्या बापाचीच करवत आहे, एक दात तुटका होता." गिरणीवाला आपल्या चपलांकडे बघत होता. मडकीवाली उठली. तिने मला गेल्या वर्षभरात तीन वेळा दही आणून दिलं होतं, तिची मुलगी तुझ्या वर्गात होती.

"म्हातारे," ती म्हणाली, "अकरा महिने त्या पोरीला आम्ही नावं ठेवली. तू खाटेवर बसून ऐकत होतीस."

"हो."

"दही खात होतीस."

"हो."

ती निघून गेली. बाकीचेही उठले. मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, जाऊ दे आजी, वय झालं. कुणी म्हणालं नाही. बरं केलं.

पण संध्याकाळी हातोड्याचा आवाज आला. पाचर कोळशाच्या रेघा पुसून नव्या मारत होता, खाचेपासून एक वीत आणि चार बोटं वर, आणि त्याच्यावर आणखी चार बोटं. मडकीवाली फळ्या धरून उभी होती. माझ्याकडे बघितलं नाही, पण फळी धरली होती. उंची वाढल्याने पत्रा जवळ आला, बी तापणार. त्यावर तोड तुझ्या आईने काढली : पत्र्यावर ओल्या गवताचे भारे. आज सकाळपासून सगळे गवत कापत आहेत. आभाळ दुपारीच काळं झालं आहे.

हे पत्र आजच जायला हवं. पूल अजून उघडा आहे.

९ जुलै, सकाळी

कारले,

पाणी आलं आणि गेलं. आम्ही सगळे आहोत. हे आधी, म्हणजे तू पुढचं सावकाश वाचशील.

दोन दिवस शाळेत होतो. मी त्याच कोपऱ्यात बसले जिथे गेल्या वर्षी बसले होते. हाताला सारखं काहीतरी हवं होतं, म्हणून माझ्या दोरीच्या गाठी चाचपत होते, मुळा, कांदा, भोपळा, परत मुळा. दुसऱ्या दुपारी गिरणीवाला होडीतून घराकडे बघून आला. सगळ्यांसमोर मला विचारलं, "आजी, बोला, पाणी खाचेवर गेलं असेल का?"

"गेलं असेल," मी म्हटलं.

"गेलं आहे," तो म्हणाला. "अख्खी वीत."

या वेळी लिंपण टिकलं आहे, रेघ भिंतीवर आहे. खोलीतल्या फळ्या रेघेच्या वर आठ बोटं. चाळीस मडकी कोरडी, पोती कोरडी. पहिल्या कोळशाच्या रेघेवर ठोकल्या असत्या तर सगळं गाव पुन्हा एकदा चुलीत पालक बघत बसलं असतं. तुझी आई खोलीत शिरली, एका मडक्यात कोपरापर्यंत हात घातला, बी मुठीत घेतलं, सोडलं, परत घेतलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "चहा टाकू का?" अठरा दिवसांतलं पहिलं कामाबाहेरचं वाक्य.

एक मडकं फुटलं. तुझा बाप ते बाहेर आणताना दारात आपटला. म्हणजे एकोणचाळीस धर.

बाकी चांगलं नाही, ते लपवत नाही आता. वाफे गाळाखाली गेले. न भाजलेल्या विटा परत माती झाल्या, भट्टी दोन महिने बंद, म्हणजे तुझा बाप घरी. पोत्यांच्या कारखान्याचा रस्ता तुटला आहे, म्हणजे तुझी आईही घरी. सगळे घरी असल्याने भांडायला वेळ भरपूर आहे. पण गाळ बसला की पेरता येईल आणि पेरायला बी आहे. काल दोन बाया चिखल तुडवत आल्याच, पिशव्या घेऊन. त्यांच्या दुकानदाराची पाकिटं भिजली.

कोंबड्यांपैकी एक सापडली. ठोकळ्यावर बसून बाभळीपर्यंत तरंगत गेली होती. ठोकळा परत खुराड्याला लावला आहे, आता त्याला लपवण्यासारखं काही नाही.

तू लिही किंवा लिहू नकोस. मी विचारणार नाही किती उंच ठेवली होतीस. माहीत आहे मला.

२१ जुलै, दुपारी

कारले,

तुझं पाकीट आलं. पोस्टमनने आईच्या हातात दिलं, तिने उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. दोरी होती. तुझी पेरणीची दोरी. सोबत चिठ्ठीवर एक ओळ, ती आईने वाचून दाखवली : "माप घेऊन झालं की परत पाठव. माझी आहे."

आईला म्हटलं, तू जरा बाहेर थांब. पहिल्यांदाच असं झालं की तुझं पत्र मला कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं होतं.

मुळा सापडला, कांदा सापडला, भोपळा सापडला. मग पुढे, पार टोकाकडे, एक गाठ जी मी तुला कधी शिकवली नाही. ओल्या दोरीवर मारलेली, वाळून दगड झालेली. मी टोक उंबऱ्याच्या दगडावर अंगठ्याने दाबलं आणि दोरी खांबाला लावून वर नेली. गुडघे कुरकुरत होते, तरी नेली. गाठ खाचेच्या वर आली. मी बोटं लावून पाहिली. चार. माझी नव्हेत, तुझी चार, जरा बारीक.

म्हणजे मडकी लावल्या लावल्या तू माप घेतलं होतंस. आणि शाळेत मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं तेव्हा ही तुझ्या कमरेला होती. घरी येऊन खांबाला लावून दाखवली असतीस की मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. तुला एवढंच करायचं होतं. तू दोरी घेतलीस आणि गावच सोडलंस.

अकरा महिने मी तुला माफ करत होते, कारले. आईला हे लिहिताना हसू आलं, मग ते हसू राहिलं नाही.

खांब आम्ही बदलणार नाही. पाचर म्हणतो, चौथी खाच मारून देतो, खरी, यंदाच्या पाण्याची. मी म्हटलं, पटाशी ठेवून जा, मारणारी यायची आहे. गाळ आता पायाला चिकटत नाही, आठ दिवसांत वाफे होतील. आई रोज वाफ्याकडे बघते आणि स्वतःच्या दोरीला हात लावत नाही. का ते तू तिला विचार, फोनवर, रेंज असेल तर.

गाठ सोडलेली नाही. दोरी तुझ्या खुंटीवर टांगली आहे. पोस्टमन मघाशी विचारत होता, आजी, परत पाठवायची ना? एवढीशी तर आहे, साध्या टपालाने जाईल.

मी म्हटलं, नाही जायची. जड आहे. जिची आहे तिने येऊन न्यावी.